रोलर ओढणारा गोलंदाज

आमच्या महाविद्यालयाच्या क्रिकेट संघात माझे नाव बाराव्या जागी असते. सामन्याच्या दिवशी पहाटे मैदानावर जायचे, फक्कीने रेषा आखायच्या, स्टंप ठोकायचे, रोलर ओढायला हात लावायचा आणि मग दिवसभर पाण्याचे पेले घेऊन आत-बाहेर करायचे, हा माझा खेळ. तक्रार म्हणून हे लिहीत नाही. बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या बापाच्या पोराला पांढरे कपडे घालून मैदानावर उभे राहता येते, हेच आमच्या घरी अजून कुणाला खरे वाटत नाही.

गेल्या पावसाळ्यात ग्रंथालयात बसून क्रिकेटचा इतिहास वाचत असताना अशा एका माणसाची ओळख झाली, की त्याच्या आयुष्याची सुरुवात नेमकी याच कामापासून झाली होती. खेळपट्टीवरून रोलर फिरवणे, रेषा आखणे, सरावाची जाळी उभी करणे आणि सांगितले तर टेनिसची कोर्टेही आखून देणे. पगार महिना चार रुपये. हा माणूस पुढे हिंदुस्थानच्या संघाबरोबर इंग्लंडला गेला आणि एका दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन परत आला. त्याचे नाव बाळू पालवणकर. वसतिगृहात क्रिकेटवर रात्र-रात्र वाद घालणाऱ्या माझ्या मित्रांना मी हे नाव विचारले. दोघांनी ऐकले होते, बाकीच्यांना मी कुणा नाटकातल्या पात्राबद्दल बोलतो आहे असे वाटले. एके काळी मुंबईच्या मैदानांवर ज्याच्या नावासाठी गर्दी लोटत होती, त्याची ही आजची ओळख!

पालवणकरांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले पालवण. त्यावरून हे आडनाव. बाळूंचा जन्म मात्र १८७६ च्या सुमारास धारवाडला झाला. घराणे चर्मकार समाजाचे. वडिलांची नोकरी लष्करी खात्याशी निगडित असल्यामुळे कुटुंब पुण्यास आले. छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. शाळा फार झाली नाही. घराला हातभार लावण्यासाठी बाळू आधी एका पारशी क्रिकेट क्लबात तीन रुपये महिन्यावर झाडलोट आणि रोलर ओढण्याच्या कामाला लागले आणि १८९२ च्या सुमारास गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले. तिथे एक रुपया जास्त मिळाला.

या क्लबात ट्रॉस नावाच्या एका साहेबाने त्यांना जाळीत गोलंदाजी करायला लावले. डावखुरा, संथ, फिरकी घेणारा चेंडू. पाहता पाहता साहेब लोक या नोकराच्याच गोलंदाजीवर सराव करू लागले. त्यांत जे. जी. ग्रेग हे त्या काळचे मोठे नामवंत फलंदाज होते. ते म्हणे इतरांच्या आधी तासभर मैदानावर येत आणि बाळूंसमोर खेळत. त्यांना बाद केले की दर वेळी आठ आणे बक्षीस मिळे, अशीही आख्यायिका आहे. आठ आण्यांचे खरेखोटे कोणास ठाऊक. पण रोजच्या त्या तासाभरात ग्रेगसाहेबांची फलंदाजी आणि बाळूंची गोलंदाजी अशा दोन्ही गोष्टी घडत गेल्या, एवढे निश्चित. एक गोष्ट मात्र मला वाचताना फार टोचली. वर्षानुवर्षे शेकडो तास गोलंदाजी करणाऱ्या या माणसाच्या हातात त्या जाळीत फलंदाजीसाठी बॅट कुणी एकदाही दिली नाही. बॅट साहेबांची आणि घाम नोकराचा!

पुण्यात त्या वेळी हिंदूंचाही एक क्लब होता आणि साहेबांच्या संघाला हरवण्याची त्याला मोठी हौस होती. पण साहेबांना बाद करू शकणारा गोलंदाज साहेबांकडेच नोकर, आणि जातीने अस्पृश्य. क्लबात दोन तट पडले. बाळूंना घ्यावे असे काही जणांचे म्हणणे होते, तर काहींना तो विचारही सोसवत नव्हता. शेवटी जिंकण्याची इच्छा विटाळाच्या भीतीपेक्षा बलवत्तर ठरली आणि बाळू संघात आले. आले म्हणजे मैदानावर आले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावीत. चहाची सुट्टी झाली की मात्र बाकीचे पॅव्हेलियनमध्ये जात आणि बाळूंना चहा बाहेर मिळे, तोही फेकून देता येईल अशा मातीच्या भांड्यात. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या मेजावर. तोंड धुवायचे तर पाणी द्यायला त्यांच्याच जातीचा एखादा नोकर. सकाळी ज्याच्या हातून सुटलेल्या चेंडूवर गोऱ्यांच्या यष्ट्या उडाल्या म्हणून टाळ्या पिटल्या, दुपारी त्याच हाताला आपला पेला लागू नये म्हणून ही खबरदारी. हे लिहिताना मला माझ्या आजोबांनी सांगितलेला गावच्या पाणवठ्याचा किस्सा आठवतो. पण तो इथे नको.

सातारच्या सामन्याची हकिगत मात्र सांगितलीच पाहिजे. पुण्याचा हिंदू संघ साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्ध खेळायला गेला. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी खेळपट्टी आठवडाभर रोलर फिरवून टणक करून ठेवली होती. पण बाळूंनी सात बळी घेतले आणि पुणे जिंकले. मला वाटते, साहेब एक गोष्ट विसरले. ज्याची सारी तरुण वर्षे रोलर ओढण्यात गेली, त्याला रोलर फिरवलेल्या जमिनीचे भय काय घालणार? कुठे ओल राहते, कुठे माती भुसभुशीत होते, कोणत्या टप्प्यावर चेंडू थबकतो, हे त्याच्या तळपायांनाच ठाऊक. या विजयानंतर पुण्यात त्यांचा मोठा गौरव झाला. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना हार घातला, आणि ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर खाण्यापिण्याला हरकत का असावी, असा प्रश्न जाहीरपणे विचारला, असे सांगतात.

१८९६ मध्ये प्लेग आला आणि पालवणकर कुटुंब मुंबईस गेले. मुंबईत परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्यावरून पुन्हा तोच वाद झाला. कीर्तिकर नावाच्या कर्णधाराने सभासदांची समजूत घातली म्हणून ते आत आले. पोटासाठी बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळू लागले. मुंबईची हवा पुण्यापेक्षा थोडी मोकळी होती. इथे जिमखान्याच्या उपाहारगृहात ते इतर खेळाडूंबरोबर बसून खाऊ लागले. पुढे शिवरामही संघात आला, आणि त्यानंतर गणपत आणि विठ्ठल हे धाकटे भाऊही.

१९०६ च्या फेब्रुवारीत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन संघांचा सामना झाला. जिथे एतद्देशीयांना सभासद होता येत नव्हते त्याच मैदानावर हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, तर युरोपियनांना १९१ आणि १०२ धावांत गुंडाळले. विजय १०९ धावांनी. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. ज्यांच्या राज्यात मान वर करून बोलायची चोरी, त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्यावर मुंबईला केवढा आनंद झाला असेल! सुधारणावादी इंडियन सोशल रिफॉर्मर साप्ताहिकाला तर या धावसंख्येपेक्षाही चर्मकार बंधू सवर्णांच्या खांद्याला खांदा लावून खेळले ही गोष्ट मोलाची वाटली.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. पालवणकर बंधूंपैकी बाळू आणि शिवराम त्यात होते. महाराज थोडे सामने खेळले आणि मग लंडनच्या मेजवान्यांत रमले. उत्तम फलंदाज केकी मिस्त्री हे महाराजांच्या तैनातीत असल्यामुळे त्यांचाही फारसा उपयोग संघाला झाला नाही. प्रथम दर्जाच्या चौदा सामन्यांपैकी दहा हरले. या पडत्या संघात एक टोक ज्याने सबंध उन्हाळा धरून ठेवले तो बाळू. वय पस्तिशीला आलेले, खांदा दुखत होता, हवा परकी, क्षेत्ररक्षण यथातथा. तरी दौऱ्यात त्यांनी एकूण ११४ बळी मिळवले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ. संघाने लिस्टरशायरला आणि सॉमरसेटला हरवले. सॉमरसेटविरुद्ध तर शिवरामने नाबाद ११३ धावा काढल्या आणि एक गडी राखून विजय मिळाला.

या ११४ बळींविषयी जरा थांबून विचार करावा असे मला वाटते. वेगवान गोलंदाज पाच-सहा षटके टाकून दमतो, त्याचे नाव होते. पण दुसऱ्या टोकाकडून तासन् तास चेंडू टाकत राहणारा, धावा रोखणारा, कर्णधाराला बदलासाठी कुणी सापडत नाही तोवर तक्रार न करता टप्पा राखणारा एक माणूस लागतो. त्याच्याभोवती बाकीचे दहा जण उभे राहतात. बाळू हा असा माणूस होता. परत आल्यावर मुंबईत त्यांचा सत्कार झाला. दलित समाजाच्या वतीने जे मानपत्र दिले गेले ते तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे म्हणतात. त्या काळात शाळेत जाणाऱ्या दलित मुलांसमोर ज्याच्याकडे बोट दाखवावे असा हा पुरुष होता.

आता कर्णधारपद. ज्याचा अनुभव सर्वांत जास्त, ज्याचे बळी सर्वांत जास्त, त्याने संघाचे नेतृत्व करावे हे खेळातले साधे न्यायाचे तत्त्व. पण वर्षामागून वर्षे गेली, तिरंगी सामने चौरंगी झाले, आणि हिंदू संघाचे कर्णधारपद दुसऱ्यांकडेच जात राहिले. १९१३ साली एम. डी. पै कर्णधार झाले. त्यांच्या सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः सांगितले, की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी म्हणून आपले मित्र बाळू यांना मिळायला हवा होता. पै यांचा हा मोठेपणा खरा. पण पद त्यांच्याकडेच राहिले, हेही खरे.

१९२० साली ठिणगी पडली. पै आजारी होते. निवड समितीने बाळूंना संघातूनच वगळले आणि कर्णधारपद पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांना दिले. देवधर मोठे फलंदाज होते, त्यात शंका नाही, आणि बाळू आता चाळिशी ओलांडून गेले होते, हेही मान्य. परंतु शिवराम आणि विठ्ठल हे दोघे संघात असूनही त्यांना डावलले गेले होते. दोघांनी संघातून माघार घेतली आणि जातीमुळे आपल्याला पद नाकारले जाते, असे निवेदन काढून जगासमोर मांडले. त्या काळी हे करायला किती धाडस लागले असेल! ज्यांची रेल्वेतली नोकरी आणि मैदानावरचे नाव दोन्ही पणाला लागू शकत होते, अशी ही माणसे. मुंबईत बराच गदारोळ झाला. पुढच्या सामन्यासाठी पै बरे होऊन परतले, दोघे भाऊ परत आले, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार नेमण्यात आले. सामना चालू असताना पै काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळापुरते बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. एवढ्या मोठ्या कारकिर्दीत त्यांच्या वाट्याला आलेले कर्णधारपद ते इतकेच.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल कर्णधार झाला. हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी सामने जिंकले आणि प्रेक्षकांनी विठ्ठलला खांद्यावर घेतले. बाळू तोवर निवृत्त झाले होते.

पुढे ते राजकारणात ओढले गेले. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर ते आंबेडकरांच्या विरुद्ध बाजूला उभे राहिले आणि पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ साली काँग्रेसच्या तिकिटावर मुंबई विधानसभेसाठी ते थेट आंबेडकरांविरुद्धच लढले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. या निवडणुकीबद्दल आमच्या वर्गात एकदा चर्चा निघाली तेव्हा एका मित्राने बाळूंना सरळ दोष दिला. मला तसे करवत नाही. दोघांनीही तोच मातीचा पेला पाहिला होता. वाट कोणती धरावी, याबद्दल मात्र त्यांची मते जुळली नाहीत. आंबेडकरांची वाट मला जास्त पटते. म्हणून बाळूंच्या ११४ बळींतला एकही कमी होत नाही.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकरांचे निधन झाले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१, अशी त्यांच्या नावावर नोंद आहे. पुण्याच्या जाळीत ग्रेगसाहेबांना किती वेळा बाद केले, त्याची नोंद कुणी ठेवली नाही.