कीर्तनकार गाडगेबाबा

तमिळनाडूत वास्तव्य करणाऱ्या मराठी माणसास कीर्तन परके नाही. तंजावरच्या भोसले राजांच्या आश्रयाने ते कावेरीकाठी रुजले आणि एकोणिसाव्या शतकात तंजावर कृष्ण भागवतरांनी त्याच्याच आधारे येथील हरिकथेला नवे रूप दिले. मात्र कथेचा उपयोग उद्याच्या संकटासाठी लोकांना आज सावध करण्याकडे ज्यांनी केला, त्या संत गाडगेबाबांचे चरित्र या सुवर्णमहोत्सवी अंकात स्मरावे, असे आम्हांस वाटते.

देबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या व्यसनापायी लवकर गेले. देबूजी दापुरे येथे आजोळी, गुरे राखीत व शेतात राबत वाढले. पुढे मामांची जमीन सावकारी कर्जात बुडाली. हे दोन्ही आघात वरकरणी अकस्मात होते. त्यांची चाहूल मात्र वर्षानुवर्षे लागत होती. ती वेळीच ऐकविणारे कोणी नव्हते. बाबांच्या पुढील कीर्तनाचे बीज येथेच असावे, असे आम्ही मानतो.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, जवळ मातीचे गाडगे आणि हाती खराटा. दिवसा गाव झाडावे, रात्री त्याच गावात कीर्तन करावे, हा त्यांचा क्रम. कीर्तनात ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. साथ आली की देवीचा कोप समजून बकरे कापणाऱ्यांना ते घाणीकडे बोट दाखवीत. लग्नासाठी वा तेराव्यासाठी ऋण काढू नये, जेवणाचे ताट मोडावे लागले तरी मुलांचे शिक्षण थांबवू नये, असे ते वऱ्हाडी बोलीत कळकळीने सांगत. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत रुग्णांच्या नातलगांसाठीही निवारा उभारला. कारण घरातले माणूस अचानक आजारी पडले की परगावच्या गरिबाला पहिली चिंता पाठ टेकण्याच्या जागेचीच असते.

१९२३ साली कीर्तन चालू असतानाच पुत्र गोविंदाच्या निधनाची वार्ता आली आणि बाबांनी कीर्तन थांबविले नाही, असे सांगितले जाते. जे धैर्य ते इतरांना शिकवीत होते, त्याची परीक्षा त्यांना स्वतःलाच द्यावी लागली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ त्यांची प्राणज्योत मालवली. आज अमरावतीचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते.

या शहराने २००४ ची त्सुनामी आणि २०१५ चा महापूर पाहिला आहे. इशारा ऐनवेळी येतो, आणि तोही सर्वांपर्यंत पोहोचतोच असे नाही. कथा आधीच येऊन मनात घर करते. म्हणून संकटकाळी हातपाय गळत नाहीत. मंडळाच्या व्यासपीठावर यापुढे कीर्तन होईल, तेव्हा पुराणातील आख्यानासोबत अड्यार नदीच्या पुराचे आख्यानही लागावे. तो पूर ज्यांनी सोसला त्यांनी ते सांगावे आणि त्या वर्षानंतर जन्मलेल्या आपल्या मुलांनी ते ऐकावे, एवढीच आमची विनंती आहे.