बैलांच्या पाठीवर संसार असलेल्या तांड्यात नायकाच्या मुलानेच देवीला नकार दिला होता

वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी नावाचं छोटंसं गाव आहे. एरवी इथे शेतं, मंदिरं आणि शांतता. रामनवमी आली की महाराष्ट्रासोबत तेलंगणा, कर्नाटक, आंध्रातूनही लाखो बंजारा बांधव या गावात येऊन थडकतात. बंजारा समाज पोहरादेवीला आपली काशी मानतो, कारण संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे.

आता हे सेवालाल कोण, हे समजायचं तर आधी तांडा समजून घ्यावा लागेल.

रेल्वे यायच्या आधी देशात माल कसा फिरायचा? बैलांच्या पाठीवरून. किनाऱ्यावरचं मीठ आत न्यायचं आणि आतलं धान्य बाहेर आणायचं. या धंद्याला बंजारा लोक लदेणी म्हणायचे. मुघल असोत, निजाम असो, मराठे असोत की इंग्रज, सैन्याच्या पोटाला धान्य पुरवायचं काम बंजाऱ्यांचे तांडेच करायचे. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमांत इंग्रजांच्या फौजाही त्यांच्यावरच अवलंबून होत्या.

माल, बायका, पोरं, म्हातारे, कुत्री, देव, सगळं एकत्र चालायचं. प्रमुख म्हणजे नायक, त्याच्या हाताखाली कारभारी. भांडण झालं, लग्न मोडलं, कुणाचं जनावर हरवलं, तर नसाब बसायची. नसाब म्हणजे तांड्याची स्वतःची न्यायपंचायत. तांड्याचं भांडण बाहेर नेणं कमीपणाचं समजलं जायचं. श्रावणात तीज आली की कुमारिका टोपल्यांत गहू पेरून नऊ दिवस त्याला पाणी घालायच्या. दिवाळीच्या रात्री त्याच मुली हातात दिवा घेऊन घरोघर मेरा मागायच्या. लग्नानंतर सासरी निघालेली मुलगी बैलाच्या पाठीवर उभी राहून रडतगात माहेराचा निरोप घ्यायची. पुढच्या वर्षी माहेरचा तांडा कुठल्या मुलखात असेल, हे तिला तरी कुठे माहीत असायचं!

अशाच एका तांड्याचे नायक होते भीमा नायक. हजारो जनावरांचा मालक, मोठा माणूस. त्यांची पत्नी धर्मणी. समाजाच्या परंपरेनुसार १५ फेब्रुवारी १७३९ रोजी त्यांच्या पोटी सेवालाल जन्मले. कर्नाटकातलं सुरगोंडनकोप्प हे त्यांचं जन्मस्थान मानलं जातं, तर आंध्रातल्या गुत्ती भागाचंही नाव घेतलं जातं. फिरत्या तांड्यातल्या बाळाच्या जन्मगावावर दोन राज्यांनी हक्क सांगावा, यात नवल नाही.

पुढची गोष्ट बंजारा भजनांतून आणि कथांतून आलेली आहे. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही, त्यामुळे सेवालालांचं चरित्र कागदावर कमी आणि गळ्यात जास्त राहिलं.

कथेनुसार धर्मणीला बरीच वर्षं मूल नव्हतं. जगदंबेच्या कृपेने मुलगा झाला, पण एका अटीवर. हा मुलगा मोठा झाल्यावर देवीचा भगत होईल. सेवालाल गुरं राखत वाढले. रानात मातीचा शिरा करून सवंगड्यांना खाऊ घातल्याची त्यांची गोष्ट आजही सांगितली जाते. पुढे देवी आपला शब्द मागायला आली आणि पोराने चक्क नकार दिला. देवीला बोकडाचा भोग लागतो, आणि जीव घेणं त्यांना मान्य नव्हतं.

इथे खरी अडचण भीमा नायकाची झाली. एकीकडे देवीला दिलेला शब्द, दुसरीकडे पोटचा मुलगा, आणि मध्ये अख्खा तांडा. देवी कोपली तर फटका एकट्या नायकाच्या घराला बसणार नव्हता. कथेत तसंच घडतं. तांड्यावर संकटं येतात, जनावरं दगावतात आणि लोक नायकाच्या घराकडे बोट दाखवू लागतात. शेवटी सेवालाल देवीची सेवा पत्करतात. कथेचे तपशील गावोगावी बदलतात, पण पुढे त्यांच्या नावाने गोड भोग चढू लागला, एवढं खरं.

त्यांनी लग्न केलं नाही. नायकाच्या मुलाने ब्रह्मचारी राहणं ही तांड्यात साधी गोष्ट नव्हती, कारण सगळे नातेसंबंध सोयरिकीतूनच जुळायचे. सेवालाल तांड्यातांड्यांतून फिरत राहिले. दारू सोडा, चोरी करू नका, जुगार खेळू नका, बाईचा मान राखा, गुरं आणि रान सांभाळा, असं सांगत राहिले. कुणी काही सांगितलं तर आधी जाणून घ्या, पारखा आणि मगच माना, हीसुद्धा त्यांचीच शिकवण मानली जाते. एक दिवस वाटीभर पाणी रुपयाला विकलं जाईल, हे त्यांचं भाकीत तर बंजारा घरांत लहान पोरांनाही पाठ असतं.

परंपरेनुसार ४ डिसेंबर १८०६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या रुईगड इथे त्यांनी देह ठेवला आणि पोहरादेवीला त्यांची समाधी झाली.

त्यानंतर अर्धशतक होत नाही तोच, १८५३ मध्ये, रेल्वे धावू लागली आणि हळूहळू लदेणी बुडाली. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली आणि बंजारेही त्यातून सुटले नाहीत. हा शिक्का पुसायला १९५२ उजाडलं. बैल गेले, तांडे वऱ्हाडच्या माळांवर स्थिरावले. रसेल यांच्या १९१६ च्या ग्रंथात बंजाऱ्यांच्या दैवतांमध्ये सिवा भैय्या हे नाव येतं. ते हेच सेवालाल. म्हणजे तोवर नायकाचा मुलगा स्वतःच देव झाला होता.

याच भागातल्या, पुसद तालुक्यातल्या गहुली गावचे वसंतराव नाईक १९६३ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि अकरा वर्षांहून जास्त काळ त्या पदावर राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये पोहरादेवीला नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय उभं राहिलं. त्याच्या उद्घाटनाला पंतप्रधान आले होते.

आणि बोकडाचा वाद? तो अजून मिटलेला नाही. यात्रेत नवस फेडायला बोकड आणणारेही असतात आणि सेवालालांचं नाव घेऊन त्यांना अडवणारेही असतात. बऱ्याचदा दोघं एकाच तांड्यातून, एकाच गाडीने आलेले असतात.