सात वेळा फायनल हरलेल्या टीमला अख्खं शहर मिळवून देणारा आवाज : चिक हर्न यांची गोष्ट

लॉस एंजेलिस लेकर्स हे नाव बास्केटबॉल न पाहणाऱ्यांनीही ऐकलेलं असतं. जांभळी-पिवळी जर्सी, मॅजिक जॉन्सन, कोबी ब्रायंट आणि पहिल्या रांगेत बसून मॅच बघणारे हॉलीवूडचे स्टार. लॉस एंजेलिसमध्ये अशी घरं आहेत जिथे आजोबा, वडील आणि नातू असे तिघंही लेकर्सचे फॅन आहेत.

पण १९६० साली ही टीम या शहरात आली तेव्हा तिला फारसं कुणी विचारत नव्हतं. मैदानातल्या खुर्च्या रिकाम्या असायच्या. त्यात भर म्हणजे १९६२ ते १९७० या काळात टीम सात वेळा फायनलला पोचली आणि सातही वेळा हरली.

आता साधा हिशेब लावला तर अशा टीमला लोकांनी कंटाळून सोडून द्यायला हवं होतं. झालं उलटंच. याच वर्षांत लेकर्सला आयुष्यभर न सोडणारे फॅन मिळाले. त्याचं मोठं श्रेय जातं ते एकही मॅच न खेळलेल्या एका माणसाला. त्याचं नाव चिक हर्न.

तळी मागे राहिली, नाव तेवढं सोबत आलं

लेकर्स ही मूळची मिनियापोलिस शहराची टीम. मिनेसोटा हे अमेरिकेतलं तळ्यांचं राज्य म्हणून ओळखलं जातं, म्हणून टीमचं नाव लेकर्स. तिथे या टीमने पाच वेळा विजेतेपद जिंकलं होतं. पण पुढे प्रेक्षक घटले, पैसे संपत आले आणि १९६० मध्ये मालक बॉब शॉर्ट यांनी टीम उचलून थेट कॅलिफोर्नियात आणली.

अडचण अशी होती की लॉस एंजेलिस हे बाहेरून आलेल्यांचं शहर. कुणी टेक्सासमधून आलेलं, कुणी शिकागोतून, कुणी मेक्सिकोतून. शहर मैलोन्‌मैल पसरलेलं. तिथे ज्याला त्याला आपल्या मूळ गावाची टीम प्रिय. दोन वर्षं आधी, १९५८ मध्ये, बेसबॉलची डॉजर्स टीम ब्रुकलिनहून इथे आली होती आणि तिने बरेच प्रेक्षक आपल्याकडे ओढलेही होते. लेकर्सकडे एल्जिन बेलरसारखा जबरदस्त खेळाडू होता, जेरी वेस्ट नावाचा नवा पोरगा नुकताच आला होता. पण हे दोघं काय करतात ते शहराला कळायला तर हवं!

चपलांच्या खोक्यातली कोंबडी

इथे आपल्या गोष्टीचा नायक येतो.

त्यांचं खरं नाव फ्रान्सिस डेल हर्न. जन्म २७ नोव्हेंबर १९१६ चा, इलिनॉय राज्यातल्या ऑरोरा गावातला. तरुणपणी ते हौशी बास्केटबॉल खेळायचे. एकदा टीममधल्या मित्रांनी त्यांना बुटांचं खोकं दिलं. नवे बूट मिळाले म्हणून त्यांनी ते खुशीत उघडलं, तर आत मेलेली कोंबडी. इंग्रजीत कोंबडीच्या पिल्लाला चिक म्हणतात. त्या दिवसापासून फ्रान्सिस मागे पडले आणि चिक हे नाव कायमचं चिकटलं.

१९३८ मध्ये त्यांचं मार्ज यांच्याशी लग्न झालं. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करात होते. परत आल्यावर रेडिओचं काम मनावर घेतलं. इलिनॉयमधल्या पिओरिया शहरात ते कॉलेजच्या मॅचेसची कॉमेंट्री करू लागले. १९५६ मध्ये ते लॉस एंजेलिसला आले आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या फुटबॉल-बास्केटबॉल मॅचेस सांगू लागले. म्हणजे तेसुद्धा या शहरात बाहेरूनच आलेले, लेकर्ससारखेच.

एका मॅचने चित्र पालटलं

मार्च १९६१. लेकर्सचा लॉस एंजेलिसमधला पहिलाच हंगाम. टीम धडपडत बाद फेरीत पोचली होती आणि सेंट लुईस हॉक्स या तगड्या टीमशी मालिका २-२ अशी बरोबरीत होती. पाचवी मॅच सेंट लुईसला, म्हणजे दीडएक हजार मैल लांब. शॉर्ट यांनी ऐनवेळी ठरवलं की ही मॅच लॉस एंजेलिसमध्ये रेडिओवर ऐकवायची. त्यासाठी हर्न यांना तिकडे पाठवलं.

लेकर्सने ती मॅच जिंकली आणि शहराने ती ऐकली. पुढची मॅच घरच्या मैदानावर होती. हंगामभर ओस पडलेल्या स्पोर्ट्‌स अरीनामध्ये त्या दिवशी गर्दी उसळली.

गंमत म्हणजे लेकर्स ती मॅच हरले, तेही ओव्हरटाइममध्ये, एका गुणाने. मग सातवी आणि शेवटची मॅच दोन गुणांनी हरले. मालिका गेली. पण लॉस एंजेलिसला पहिल्यांदाच आपली टीम हरल्याचं वाईट वाटलं. एखादी टीम आपली झाली का हे ओळखायची यापेक्षा चांगली खूण नाही. जिंकल्यावर टाळ्या कुणीही वाजवतो, हरल्यावर जेवण गोड लागत नाही तो फॅन.

शॉर्ट यांना इशारा पुरेसा होता. हर्न लेकर्सचा आवाज झाले आणि पुढची ४० हून अधिक वर्षं राहिले.

कानांनी बघायची मॅच

क्रिकेटच्या कॉमेंट्रीत दोन चेंडूंच्या मध्ये श्वास घ्यायला वेळ असतो. बास्केटबॉलमध्ये तो नसतो. २४ सेकंदांच्या आत बास्केटकडे बॉल टाकावाच लागतो. दहा खेळाडू सतत पळत असतात आणि बॉल डोळ्याचं पातं लवेपर्यंत दुसऱ्याच्या हातात गेलेला असतो. हे सगळं रेडिओवर सांगायचं कसं?

हर्न यांनी आधी ऐकणाऱ्याच्या मनात मैदान आखून दिलं. लेकर्स कुठल्या बाजूने कुठे चाललेत ते रेडिओच्या डायलवरून समजावलं, डावीकडून उजवीकडे असं. त्यामुळे समोरचा रेडिओच मैदान झाला. मग बॉल कुणाकडे, बास्केटपासून किती फुटांवर, समोर कोण उभा आहे, हे सगळं ते तोफखान्याच्या वेगाने सांगत. एवढ्या वेगातही शब्द सुटा ऐकू यायचा.

त्यात त्यांची स्वतःची भाषा होती. एखाद्या खेळाडूने बचाव करणाऱ्याला असा चकवा दिला की तो भलतीकडेच गेला, तर हर्न यांच्या मते तो थेट पॉपकॉर्नच्या मशीनजवळ पोचलेला असायचा. कुणी नको तेवढी स्टाइल मारायला गेला आणि बॉल घालवून बसला, तर त्याच्या हॉटडॉगवरची मोहरीची चटणी सांडलेली असायची. लेकर्सचा विजय पक्का झाला की मॅच फ्रिजमध्ये जायची. मग दार बंद, आतला दिवा बंद, आणि लोणी घट्ट व्हायला लागलेलं.

ही सगळी स्वयंपाकघरातली आणि मैदानाबाहेरच्या गाड्यांवरची चित्रं. बास्केटबॉलचे नियम न कळणारी आजीही यावर हसू शकत होती. फ्रिज बंद झाला की आपण जिंकलो, एवढं लहान पोरालाही कळायचं. आज जगभर वापरले जाणारे स्लॅम डंक आणि एअर बॉल हे शब्द लोकांच्या तोंडी बसवण्याचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं. जेरी वेस्टला मिळालेलं मिस्टर क्लच हे टोपणनावही त्यांच्याच नावावर जमा आहे.

फॅन होण्यामागचं घड्याळ

यात शहराच्या दिनक्रमाचाही वाटा होता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसातला सुरू होणारी मॅच लॉस एंजेलिसमध्ये दुपारी साडेचारला सुरू होते. म्हणजे लेकर्स न्यूयॉर्क किंवा बोस्टनला खेळत असतील तेव्हा इकडे लोक कामावरून सुटून ट्रॅफिकमध्ये अडकलेले. गाडीत रेडिओ, रेडिओवर हर्न. घरी पोचेपर्यंत मॅच निम्मी ऐकून झालेली, उरलेली जेवणाच्या टेबलावर.

दुसरं म्हणजे बरीच वर्षं घरच्या मैदानावरच्या मॅचेस टीव्हीवर दाखवल्या जात नसत. तिकीट परवडत नसेल तर रेडिओला पर्याय नव्हता. झोपायची वेळ झाल्यावर उशीखाली ट्रान्झिस्टर ठेवून मॅच ऐकायची, ही त्या पिढीतल्या अनेक मुलांची आठवण. बाहेरगावच्या मॅचेस टीव्हीवर यायला लागल्या तेव्हाही हर्न एकाच वेळी टीव्ही आणि रेडिओ दोन्हींसाठी बोलायचे. गाडीतल्या बापाला आणि घरातल्या मुलाला एकाच क्षणी तेच शब्द ऐकू यायचे.

रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसांसोबत, ठरलेला आवाज. वर्षाला ८० च्या आसपास मॅचेस, असं दहा-वीस वर्षं चाललं की टीम ही बातमी राहत नाही, घरातली सवय होते. आणि लहानपणी घरात लागलेली सवय सहसा सुटत नाही.

हरण्यातही साथ

१९६२, ६३, ६५, ६६, ६८ आणि ६९. या सहा फायनल्स लेकर्स एकाच टीमकडून हरले, ती म्हणजे बोस्टन सेल्टिक्स. १९६९ ची तर जिव्हारी लागली. सातवी मॅच घरच्या मैदानावर होती. जिंकल्यावर सोडायला छताला जाळ्यांमध्ये फुगे बांधून तयार ठेवले होते. लेकर्स दोन गुणांनी हरले, फुगे तिथेच लटकत राहिले. १९७० मध्ये न्यूयॉर्क निक्सने हरवलं.

या सगळ्या वर्षांत हर्न यांनी ऐकणाऱ्यांना खोटा दिलासा दिला नाही. पगार लेकर्सकडून मिळायचा, पण लेकर्सचा खेळाडू आळस करत असेल तर ते तसं सांगायचे. समोरच्या टीमने सुंदर खेळ केला तर त्याचंही कौतुक व्हायचं. त्यामुळे लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसला. हा माणूस चांगलं म्हणतोय म्हणजे ते खरंच चांगलं असणार, ही खात्री होती.

त्यांच्या शेजारी बसणाऱ्या सह-कॉमेंटेटरला मात्र बोलायला फार कमी जागा मिळायची, हेही तितकंच खरं. पुढे नावाजलेले कोच झालेले पॅट रायली काही काळ त्या खुर्चीत बसले होते.

अखेर १९७१-७२ च्या हंगामात लेकर्सने सलग ३३ मॅचेस जिंकल्या. हा विक्रम आजही मोडलेला नाही. त्याच वर्षी विजेतेपद आलं. दहा वर्षं सोबत हरलेल्या लोकांसाठी तो आनंद वेगळाच होता.

३,३३८

नोव्हेंबर १९६५ मध्ये एका फुटबॉल मॅचची कॉमेंट्री करून परतताना खराब हवामानामुळे हर्न अडकले आणि लेकर्सची एक मॅच चुकली. पुढची मॅच त्यांनी केली २१ नोव्हेंबरला. त्यानंतर १६ डिसेंबर २००१ पर्यंत त्यांची एकही मॅच चुकली नाही. सलग ३,३३८ मॅचेस, ३६ वर्षं.

या आकड्याच्या आत एका घराचं दुःख आहे. १९७२ मध्ये, लेकर्सने विजेतेपद जिंकलं त्याच वर्षी, हर्न यांचा मुलगा गॅरी अमली पदार्थांच्या अतिसेवनाने गेला. १९९० मध्ये मुलगी समँथा गेली. तिला अन्न टाळत राहण्याचा आजार होता, त्यातून गुंतागुंत झाली. हर्न दांपत्याची ही दोनच मुलं. शहरातल्या हजारो मुलांना जो आवाज घरातला वाटत होता, त्याच्या स्वतःच्या घरात मुलं उरली नाहीत. मॅचेसची मालिका या काळातही तुटली नाही.

ती तुटली डिसेंबर २००१ मध्ये, हृदयाच्या शस्त्रक्रियेमुळे. त्यातून सावरत असताना पडून कमरेचं हाड मोडलं. वय ८५. तरी एप्रिल २००२ मध्ये ते परत माइकसमोर बसले. १२ जून २००२ रोजी लेकर्सने न्यू जर्सी नेट्सला हरवून सलग तिसरं विजेतेपद मिळवलं. हर्न यांच्या कारकिर्दीतलं हे नववं आणि त्यांनी सांगितलेली ही शेवटची मॅच.

ऑगस्टमध्ये घराच्या मागच्या अंगणात ते पडले, डोक्याला मार बसला. ५ ऑगस्ट २००२ ला त्यांचं निधन झालं. लग्नाचा ६४ वा वाढदिवस आठ दिवसांवर होता.

बाजूची खुर्ची

२००३ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. लेकर्सच्या घरच्या मैदानात दिग्गज खेळाडूंच्या जर्सी वर टांगलेल्या असतात. त्यांच्यात हर्न यांच्या नावाचीही जागा आहे आणि तिथे नंबराऐवजी माइकचं चित्र आहे. बाहेरच्या रस्त्याला त्यांचं नाव दिलंय.

तिथेच २०१० मध्ये त्यांचा ब्राँझचा पुतळा बसवला. टेबलामागे बसलेले, कानाला हेडफोन, समोर माइक. आणि बाजूला एक रिकामी खुर्ची, येणाऱ्या कुणीही बसावं म्हणून. मॅचच्या दिवशी तिथे फोटोसाठी लोक थांबतात. त्यातल्या अनेक पोरांचा जन्म हर्न गेल्यानंतरचा आहे. त्यांना तिथे घेऊन येणारे आई-वडील मात्र तो आवाज ऐकत मोठे झालेत, आणि फ्रिजचं दार बंद झालं म्हणजे काय हे ते पोरांना तिथेच उभं राहून समजावून सांगतात.