डिग्री नसलेला प्रोफेसर

ग्रॅज्युएशन झालं, आता पुढे काय? यावरून घरात रोज वादावादी होत असेल, तर एरिक एरिक्सनची गोष्ट वाचाच. एमएसडब्ल्यू करणाऱ्यांना हे नाव पाठ असतं. मानवी विकासाच्या पेपरला जे आठ टप्पे येतात, ते याचेच. पण टप्पे घोकताना त्यामागचा माणूस मात्र निसटून जातो.

एरिकचा जन्म १९०२ साली जर्मनीत, फ्रँकफर्टला झाला. आई डॅनिश ज्यू. वडील कोण, हे त्याला आयुष्यभर कळलं नाही. तो तीन वर्षांचा असताना आईने एका बालरोगतज्ज्ञाशी लग्न केलं आणि हेच तुझे वडील, असं त्याला सांगितलं. पोरगा मात्र उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा. ज्यू मुलं त्याला परका म्हणून चिडवायची आणि शाळेतली मुलं ज्यू म्हणून. ना इकडचा, ना तिकडचा.

शाळा संपल्यावर डिग्रीच्या वाटेला तो गेलाच नाही. चित्रं काढत युरोपभर भटकला. १९२७ मध्ये एका मित्राने त्याला व्हिएन्नाला बोलावलं, एका छोट्या शाळेत शिकवायला. सिग्मंड फ्रॉइडची मुलगी ॲना हिचा या शाळेशी जवळचा संबंध होता. मुलांशी याचं छान जमतं, हे तिने हेरलं आणि तो मनोविश्लेषण शिकायला लागला. १९३३ मध्ये प्रशिक्षण संपलं, तोवर शेजारी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता. बायको जोन आणि दोन मुलांना घेऊन एरिकने अमेरिका गाठली. तिथलं नागरिकत्व घेताना एरिक्सन हे आडनावही त्याने स्वतःच निवडलं.

अमेरिकेत तो दवाखान्यात बसून राहिला नाही. साउथ डाकोटात सू आदिवासींच्या वस्तीवर गेला. शाळेत मन न लावणारी मुलं म्हणजे मठ्ठ, असा तिथल्या शिक्षकांचा समज होता. एरिक्सनला वेगळंच दिसलं. ज्या रानगव्यांच्या शिकारीवर त्या समाजाचं सगळं जगणं उभं होतं, ते गवेच संपवले गेले होते. घर एक शिकवत होतं, सरकारी शाळा त्याच्या उलट. पोरं मधल्या मध्ये अडकली होती. पुढे दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करतानाही त्याला असाच गोंधळ दिसला. आपण कोण, याचा धागाच तुटलेला. आज आपण सहज ‘आयडेंटिटी क्रायसिस’ म्हणतो, तो शब्द त्याचाच.

१९५० मध्ये त्याचं ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ आलं. माणसाची जडणघडण लहानपणीच पुरी होत नाही, ती मरेपर्यंत चालते, हे त्याचं म्हणणं. तान्ह्या बाळाला जगावर भरवसा ठेवता येतो का? शाळकरी पोराला आपल्याला काही जमतं असं वाटतं का? तरुणपणी ओळख, मग जवळीक, मध्यम वयात पुढच्या पिढीसाठी काही करणं आणि म्हातारपणी मागे वळून पाहताना समाधान. प्रत्येक वयाची झुंज वेगळी, आणि त्यात घर व समाज काय करतात हेही तितकंच महत्त्वाचं.

त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्राध्यापकांकडून कम्युनिस्टविरोधी शपथपत्रावर सह्या मागितल्या. एरिक्सनने नकार दिला आणि नोकरी सोडली. १९६० मध्ये मात्र साधी बीएसुद्धा नसलेला हा माणूस हार्वर्डचा प्रोफेसर झाला.

एक पान मात्र झाकलेलं राहिलं. १९४४ मध्ये त्याला चौथं मूल झालं, नील. त्याला डाऊन सिंड्रोम होता. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे बाळाला संस्थेत ठेवलं आणि घरातल्या लहान मुलांना ते जन्मतःच गेलं असं सांगितलं. वडिलांबद्दलचं खोटं ऐकत वाढलेल्या माणसाने आपल्या मुलांनाही खोटंच सांगितलं. नील विशीच्या सुरुवातीलाच गेला.

साठच्या दशकात एरिक्सन अहमदाबादला आला. १९१८ च्या गिरणी संपावरून गांधीजींचा शोध घेणारं त्याचं ‘गांधीज ट्रुथ’ १९६९ मध्ये छापून आलं, त्याला पुलित्झरही मिळालं. त्यात त्याने गांधीजींना उद्देशून एक पत्रच लिहिलंय. सत्याचा आग्रह धरणाऱ्याने घरच्यांशी इतकं कठोर का वागावं, हा त्यातला सवाल. नीलची गोष्ट कळल्यावर हे पत्र वेगळंच वाचलं जातं.

१९९४ मध्ये एरिक्सन गेला. तेव्हा नव्वदी पार केलेल्या जोनने मग अतिवृद्धपणाचा नववा टप्पा त्याच्या नकाशाला जोडला. म्हणजे नकाशा अजून पुरा नाहीच.

उद्या फील्डवर्कला जाल तेव्हा समोर वर्ग चुकवणारा पोरगा असेल, नाहीतर कुणाशीच न बोलणारी आजी. केस शीटवर शिक्का मारायची घाई करू नका. या वयात यांची झुंज कशाशी चाललीय आणि सोबतीला कोण आहे, एवढं आधी विचारा. आणि पुढे काय, हे अजून ठरलं नसेल, तर घाबरू नका. पंचविशीत त्याचंही काहीच ठरलेलं नव्हतं.