कमल रणदिवे : पेशींच्या अभ्यासाला वाहिलेले आयुष्य

पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ रोजी जन्मलेल्या कमल समर्थ यांनी डॉक्टर व्हावे, ही वडिलांची इच्छा होती; त्या मात्र संशोधनाकडे वळल्या. विवाहानंतर त्या कमल रणदिवे झाल्या. अमेरिकेतून परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. तेथे कुष्ठरुग्णाच्या गाठीतील जिवाणू वाढविण्यात आले. त्यांपासून पुढे लस तयार झाली. कुष्ठरोगात टी-पेशींनी सोडलेले गॅमा इंटरफेरॉन हे संदेशवाहक प्रथिन भक्षक पेशींना जंतूंवर सोडते. हा संदेश क्षीण झाला की रोग अंगभर पसरतो. लसीचा हेतू टी-पेशींना जागविण्याचाच. पद्मभूषण (१९८२) लाभलेल्या या विदुषीचे २००१ मध्ये निधन झाले.