‘सेल्फ’मागचा माणूस : चार्ल्स केटरिंग

गाडी चालू करायची म्हणजे ‘सेल्फ मार’, नाही लागला तर धक्का! पण हा सेल्फ आला कुठून? म्हणून यावेळी मी चार्ल्स केटरिंग यांच्याबद्दल लिहायचं ठरवलं.

केटरिंग यांचा जन्म १८७६ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, शेतकरी कुटुंबात झाला. डोळे अधू, वाचलं की डोकं दुखायचं. त्यापायी कॉलेज मध्येच सुटलं. मग टेलिफोनच्या लाइनवर काम केलं, पुन्हा कॉलेजात आले आणि १९०४ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले.

डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्यांनी गल्ल्याच्या मशीनला छोटी मोटर बसवली. तिला दिवसभर चालायचं नव्हतं, क्षणभर जोर लावला की काम फत्ते. हीच आयडिया पुढे गाडीत कामी आली. तेव्हा इंजिन हँडल मारून सुरू करत. हँडल उलटं फिरलं की मनगटच मोडायचं! १९०९ मध्ये केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी डेल्को कंपनी काढली आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये इलेक्ट्रिक सेल्फ आला.

खरी गंमत पुढेच आहे. इंजिन सुरू झालं की तीच मोटर जनरेटर बनून बॅटरी चार्ज करायची, म्हणजे घेतलेलं लगेच फेडायचं. पुढे स्टार्टर आणि आल्टरनेटर वेगळे झाले. आता तर गाडीचा कॉम्प्युटरच चार्जिंगवर लक्ष ठेवतो. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना १४ च्या आसपास. व्होल्टेज फार कमी पडलं की स्कॅनरवर पी०५६२ हा कोड दिसतो.

पण सगळंच कौतुकाचं नाही. केटरिंग जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख असताना, १९२१ मध्ये, त्यांचे सहकारी थॉमस मिजली यांनी इंजिनचं नॉकिंग थांबवायला पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं. नॉकिंग थांबलं. पण १९२४ मध्ये ते बनवणारे कामगार विषबाधेने मेले. डॉक्टरांनी इशारा दिला, तरी केटरिंग मागे हटले नाहीत. ते शिसं कित्येक वर्षं मुलांच्या रक्तात जात राहिलं. भारतात असं पेट्रोल २००० साली बंद झालं, जगातून २०२१ मध्ये.

१९५८ मध्ये केटरिंग वारले. न्यूयॉर्कच्या कॅन्सर संशोधन संस्थेला त्यांचं नाव आहे. मला हा माणूस आवडतो आणि त्याचा रागही येतो. चार्जिंग बिघडलं तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. धुरातल्या शिशासाठी तसा दिवा नव्हता. तिथे डॉक्टरांचं ऐकायला हवं होतं.