लोणारला न आलेला लोणारचा अभ्यासक

लोणारचे विवर दाखवताना आम्ही बुलढाण्याचे लोक लवणासुराची गोष्ट सांगतो, दैत्यसूदनाच्या देवळात नेतो. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हे नाव मात्र कुणाच्या तोंडी नसते. मला ते सापडले वाळूच्या नादात.

६ मे १८४३ रोजी अमेरिकेतील रॉचेस्टर गावी एका चित्रकाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८७१ मध्ये सरकारी पाहणी पथकाबरोबर ते पश्चिमेच्या वाळवंटात शिरले. वाऱ्याला स्वतःचे दात नसतात. खडक कातरते ती त्याने उचललेली वाळू. कण जड असल्याने फार उंच उडत नाहीत, म्हणून घासणी होते ती जमिनीलगत. मऊ भाग झिजतो, कठीण भाग उंचवट्यासारखा उरतो, दगडाला चकाकी येते. बारीक धूळ मात्र कुठच्या कुठे निघून जाते. या वाळूच्या कामावर गिल्बर्टनी त्याच दशकात स्वतंत्र लेख लिहिला.

१८९१ मध्ये ते ॲरिझोनातील एका प्रचंड खड्ड्यापाशी पोहोचले. आसपास लोखंडी अशनींचे तुकडे विखुरलेले. आकाशातून पडलेला गोळा तळाशी गाडला गेला असेल, तर काठावरची माती खड्ड्यात मावून उरली पाहिजे आणि चुंबकसूची हलली पाहिजे, असा त्यांचा साधा हिशेब. त्यांनी मोजणी केली. माती खड्ड्याएवढीच भरली, सूचीही स्थिर राहिली. तेव्हा, हा भूगर्भातील वाफेचा स्फोट, असा निर्वाळा त्यांनी दिला. १८९६ च्या निबंधात त्यांनी या खड्ड्याशेजारी आपले लोणार ठेवले. भारतात न येता, कागदावरच्या वर्णनावरून हे साम्य हेरणारी नजर मला थक्क करते.

गंमत पाहा, चंद्रावरची विवरे आघातांनी झाली, असे याच गृहस्थांनी १८९२ मध्ये मांडले होते! प्रचंड वेगाने आदळलेल्या गोळ्याचा बहुतेक भाग वितळून, चुरा होऊन उधळतो, तळाशी काही उरत नाही, हे तेव्हा ठाऊक नव्हते. हिशेब चोख होता, गृहीत धरलेली गोष्ट तेवढी चुकीची होती. अशा चुकीबद्दल मला तरी आदरच वाटतो.

गिल्बर्ट १ मे १९१८ रोजी वारले; पंचाहत्तरीला पाच दिवस उरले होते. ॲरिझोनाचा निकाल १९६० च्या सुमारास लागला. लोणारच्या बेसॉल्टमध्ये आघाताच्या दाबाने काच झालेली खनिजे सापडल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवराचा काठ वाऱ्याने नव्हे, आपल्या पावसाळ्याने कापला आहे. पाण्याच्या घळी उतारावर आजही स्पष्ट दिसतात.